घाटाचा गिअर माथ्यावरच ठरवा

रायपूरहून जगदलपूरकडे निघालं की राष्ट्रीय महामार्ग 30 वर कांकेरनंतर केशकालचा घाट लागतो. बारा वळणांचा हा घाट जाताना चढायचा असतो. पण बस्तरकडून माल भरून रायपूरजवळच्या सिलतरा-उरला औद्योगिक भागाकडे येणाऱ्या ट्रकला तोच घाट भरल्या गाडीने उतरावा लागतो, आणि खरी परीक्षा तिथे असते.

30 टनांची गाडी फक्त 100 मीटर उंची उतरली, तरी तेवढ्या ऊर्जेत साधारण 100 लिटर पाण्याला उकळी फुटेल. ही सगळी उष्णता एकट्या ब्रेकवर टाकली तर ड्रम तापून प्रसरण पावतो, लायनरची पकड सुटते आणि पेडल पूर्ण दाबूनही गाडी आवरत नाही. त्याला आपण ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतो, पण पुष्कळदा काहीच तुटलेलं नसतं. म्हणून गाडी धरून ठेवण्याचं मुख्य काम इंजिनाचं; ब्रेक त्याच्या मदतीला.

केशकाल गावातच, उतार लागण्याआधी, गाडी सपाट जागी बाजूला घ्या. एअर प्रेशरचा काटा पूर्ण वर आला आहे का, कुठे हवा गळतेय का, ब्रेक नीट अ‍ॅडजस्ट आहेत का, हे बघा. मग गिअर ठरवा. हीच गाडी एवढ्याच मालासह ज्या गिअरमध्ये हा चढ चढली असती, तोच गिअर. माल जास्त असेल किंवा रस्ता ओला असेल तर आणखी एक खालचा. गिअर माथ्यावरच टाका. उताराच्या मध्यावर वेग वाढल्यावर खालचा गिअर बसत नाही, गाडी न्यूट्रलमध्ये अडकते आणि मग हातात फक्त तापलेले ब्रेक उरतात.

एक्झॉस्ट ब्रेक असेल तर तो चालू करा. धूर बाहेर जाण्याची वाट त्याच्या झडपेने आवळली जाते, कोंडलेला दाब पिस्टनला अडवतो आणि गाडी मंदावते. इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी ही पकड जास्त, म्हणून खालचा गिअर हवाच. मात्र आरपीएमचा काटा लाल पट्ट्यात जाऊ देऊ नका. इंजिन जास्त जोरात फिरू लागलं की गव्हर्नर डिझेल कमी करतो, एवढंच. पण उतारच चाकांमार्फत इंजिन फिरवत असेल तर गव्हर्नर इंजिनाला रोखू शकत नाही. काटा लाल पट्ट्याजवळ आला की ब्रेक वापरा. रिकामी गाडी आणि पावसाने निसरडा झालेला रस्ता असेल तर एक्झॉस्ट ब्रेक जपून वापरा, मागची चाकं घसरू शकतात.

पेडलवर पाय टेकवून ठेवणं सोडा. स्वतःसाठी एक वेग ठरवा, समजा ताशी 25 किलोमीटर. तेवढा झाला की ब्रेक ठामपणे दाबून वेग 17-18 वर आणा आणि पाय पूर्ण उचला. मधल्या वेळात ड्रमला निवायला सवड मिळते. वळणाआधी वेग कमी करा, वळणात नव्हे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या.

आता गाडीमालकांसाठी. डिझेल वाचवायला ‘न्यूट्रल करून उतर’ असं ड्रायव्हरला सांगू नका. आजच्या कॉमन रेल इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंधन जवळजवळ पूर्ण तुटतं. उलट न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. इंजिन बंद केलं तर पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो. पुण्याच्या नवले पुलाच्या उतारावर 20 नोव्हेंबर 2022 ला एका ट्रकने कितीतरी गाड्यांना धडक दिली, तेव्हाही उतारावर इंजिन बंद ठेवल्याचीच चर्चा होती. लिटरभर डिझेलसाठी एवढा धोका कोणी पत्करू नये असं मला कळकळीने वाटतं.

घाटात तेलीन सती मातेच्या मंदिरापाशी बरेच ड्रायव्हर थांबतात. थांबलात तर चाकांभोवती एक फेरी मारा. जळका वास आला किंवा धूर दिसला, तर चाकांना अडसर लावा आणि ड्रम आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, त्याला तडा जाऊ शकतो. पुन्हा निघताना गिअर आधीचाच ठेवा.