११० पॉइंट्सचा हिशोब

हॉस्टेलमध्ये रात्री अकरानंतर जे काही चालतं त्यात अभ्यास, मॅगी आणि गॉसिप यांच्याबरोबर 'डायब्लो टू'चाही नंबर लागतो, हे रेक्टर मॅडम सोडून सगळ्यांना माहीत आहे. (आता त्यांनाही कळलं!) हा गेम जून २००० मध्ये ब्लिझार्ड नॉर्थ या कंपनीने काढला आणि २००१ मध्ये त्याचा 'लॉर्ड ऑफ डिस्ट्रक्शन' हा विस्तार आला. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा तो वयाने मोठा आहे. २०२१ मध्ये 'रिझरेक्टेड' नावाने तो नव्या रूपात आला, पण त्यातून थेट लॅनवर खेळायची सोय काढून टाकलेली होती. जुना गेम मात्र कुठल्याही खटारा लॅपटॉपवर चालतो आणि लॅनवर एकदम ८ जण खेळू शकतात. त्यामुळे आमच्या विंगमध्ये अजूनही जुनाच चालतो.

हा लेख गेमची जाहिरात नाही. या गेममध्ये 'कॅरेक्टर बिल्ड' नावाचा जो प्रकार आहे, तो मला इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्याने अभ्यासावा असा वाटतो, म्हणून हा प्रपंच. मी कॉन्व्हेंटवाली, त्यामुळे बरेच शब्द इंग्रजीच राहतील, तेवढं सांभाळून घ्या.

बिल्ड म्हणजे काय?

गेममध्ये एकूण सात पात्रं आहेत: अ‍ॅमेझॉन, नेक्रोमॅन्सर, बार्बेरियन, सॉर्सरेस, पॅलाडिन आणि विस्तारात आलेले ड्रुइड व असॅसिन. प्रत्येकाकडे ३० स्किल्स असतात, दहा-दहाच्या तीन शाखांमध्ये वाटलेली. राक्षस मारले की अनुभव मिळतो, अनुभवाने लेव्हल वाढते आणि दर लेव्हलला १ स्किल पॉइंट आणि ५ स्टॅट पॉइंट्स हातात पडतात. ते कुठे घालायचे हे आपण ठरवायचं. या वाटपालाच बिल्ड म्हणतात.

आता हिशोब करू. सर्वात वरची लेव्हल ९९. म्हणजे लेव्हल्समधून ९८ स्किल पॉइंट्स. शिवाय नॉर्मल, नाइटमेअर आणि हेल या तिन्ही पातळ्यांवर काही कामगिऱ्या पूर्ण केल्या की प्रत्येक पातळीवर ४ पॉइंट्स बक्षीस मिळतात, म्हणजे आणखी १२. एकूण ११०. एका स्किलमध्ये जास्तीत जास्त २० पॉइंट्स घालता येतात. ३० स्किल्स पूर्ण भरायची तर ६०० पॉइंट्स लागतील आणि आपल्याकडे आहेत ११०. तेही ९९ ला पोचलात तर! आमच्या विंगमध्ये कुणी पोचलेलं नाही. सर्वसाधारण माणूस ८० च्या आसपास थांबतो. तिथे ७९ अधिक १२, म्हणजे ९१ पॉइंट्स होतात. चार स्किल्स पूर्ण भरली की हातात फक्त ११ उरतात.

थोडक्यात, हा मर्यादित साधनांचा प्रश्न आहे. मेसच्या बजेटसारखा.

एक ना धड, भाराभर चिंध्या

आमच्या विंगमधल्या एका फर्स्ट इयरच्या ज्युनियरने सॉर्सरेस घेतली होती. हेल पातळीच्या पहिल्याच अंकात ती अडकली. दोन आठवडे रोज मरायची. मग म्हणाली, "ताई, मला असले गेम्स जमतच नाहीत. माझे हातच स्लो आहेत." मी तिचं स्किल पान उघडून पाहिलं. लेव्हल ६०, म्हणजे ५९ अधिक पहिल्या दोन पातळ्यांचे ८, असे ६७ पॉइंट्स. ते वाटले होते २२ स्किल्समध्ये. सरासरी तीन! जे नवीन स्किल दिसेल त्यात दोन-तीन पॉइंट्स टाकायचे, असा तिचा कारभार होता.

यात चूक कुठे आहे ते समजून घ्या. सॉर्सरेस एका वेळी एकच मंत्र टाकू शकते. तिच्याकडे दहा कमजोर मंत्र असले तरी त्या क्षणी राक्षसाला लागतो तो एकच कमजोर मंत्र. दहा मंत्रांची बेरीज होत नाही.

याउलट काही स्किल्स एकमेकांना गुणतात. २००३ मध्ये आलेल्या १.१० या पॅचने 'सिनर्जी' ही पद्धत आणली. उदाहरण फायर बॉलचं घेऊ. फायर बोल्टमध्ये घातलेला प्रत्येक पॉइंट फायर बॉलची मारकशक्ती १४ टक्क्यांनी वाढवतो. मीटिऑरमधला प्रत्येक पॉइंटही १४ टक्क्यांनीच वाढवतो. फायर बॉल २० वर आहे आणि त्याची शक्ती आपण १ धरली, तर फायर बोल्टही २० केल्यावर ती ३.८ होते, आणि मीटिऑरही २० केल्यावर ६.६ होते. आता तेच ६० पॉइंट्स एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन स्किल्समध्ये घातले तर? तीन हत्यारं मिळतात, पण प्रत्येकाची ताकद १ च राहते.

एका पॉइंटमध्ये भागणारी स्किल्स

म्हणजे सगळीच स्किल्स २० पर्यंत न्यायची का? अजिबात नाही. काही स्किल्सचा मुख्य फायदा पहिल्याच पॉइंटला मिळतो. टेलिपोर्टने तुम्ही एका जागेवरून दुसऱ्या जागी क्षणात जाता, पुढचे पॉइंट्स फक्त मानाचा खर्च कमी करतात. स्टॅटिक फील्ड समोरच्याचं शिल्लक आयुष्य दर वेळी २५ टक्क्यांनी कमी करतं, पुढचे पॉइंट्स फक्त त्याचा घेर वाढवतात. १ चे ०.७५, मग ०.५६, मग ०.४२... ही भूमितीश्रेणी ओळखीची वाटते ना? हेलमध्ये स्टॅटिक ५० टक्क्यांच्या खाली नेत नाही. म्हणजे वीजरोधक नसलेल्या कितीही मोठ्या राक्षसाचं अर्धं आयुष्य तीन फटक्यांत संपतं, ते पण एका पॉइंटच्या भांडवलावर.

तेव्हा प्रत्येक पॉइंट टाकताना विचारायचं: पुढच्या एका पॉइंटने नेमकं काय वाढणार? गणितात यालाच आपण डेरिव्हेटिव्ह म्हणतो. किती पॉइंट्स घातलेत यापेक्षा पुढचा पॉइंट काय देणार हे महत्त्वाचं.

हेलमधलं पासिंग हेड

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग सगळे पॉइंट्स आगीतच घालू. नॉर्मलमध्ये हे मस्त चालतं, नाइटमेअरमध्येही बऱ्यापैकी चालतं. हेलमध्ये मात्र अनेक राक्षस एखाद्या प्रकारच्या हल्ल्याला 'इम्यून' असतात. प्रतिकार १०० टक्के किंवा जास्त असेल तर तुमच्या आगीने त्याचं केसही वाकडा होत नाही, मग आग ६.६ पट असो की ६६ पट.

म्हणून एकट्याने खेळणाऱ्याला दोन प्रकारची हत्यारं लागतात. ८० लेव्हलच्या सॉर्सरेससाठी मी सुचवते तो आराखडा असा: फ्रोझन ऑर्ब २०, फायर बॉल २०, फायर बोल्ट २०. झाले ६०. फ्रोझन ऑर्बपर्यंत पोचायला आइस बोल्ट, आइस ब्लास्ट, फ्रॉस्ट नोव्हा, ग्लेशियल स्पाइक आणि ब्लिझार्ड यांत प्रत्येकी १ पॉइंट सक्तीचा आहे (प्रीरिक्विझिट, आपल्या सिलॅबससारखंच!). झाले ६५. वॉर्म्थ, स्टॅटिक फील्ड, टेलिकायनेसिस आणि टेलिपोर्टला प्रत्येकी १. झाले ६९. उरलेले २२ कोल्ड मास्टरी आणि फायर मास्टरीत वाटायचे. फायर बोल्टऐवजी मीटिऑर भरला तर त्याला 'मीटिऑर्ब' म्हणतात. त्यात ४ पॉइंट्स जास्त जातात, पण एक मोठं हत्यार वाढतं. दोन्ही चालतात.

ऑर्ब टाकल्यावर एक सेकंद दुसरा ऑर्ब टाकता येत नाही, पण फायर बॉल टाकता येतो. त्यामुळे या दोन स्किल्सचं एकमेकांशी छान जमतं.

वेळापत्रकही लक्षात घ्या. फ्रोझन ऑर्ब ३० व्या लेव्हलला उघडतो आणि दर लेव्हलला त्यात एकच पॉइंट वाढवता येतो. म्हणजे तो २० व्हायला लवकरात लवकर ४९ वी लेव्हल लागते, आणि ३० ते ४९ मधला प्रत्येक लेव्हलचा पॉइंट त्यालाच जातो. त्या काळात कामगिऱ्यांचे पॉइंट्स तेवढे दुसरीकडे वापरायला मोकळे.

स्टॅट्स आणि फ्रेम्स

स्टॅट पॉइंट्सचं थोडक्यात सांगते. स्ट्रेंग्थ फक्त चिलखत आणि हत्यार पेलण्यापुरती. एनर्जीत बहुधा काही घालू नका, माना वस्तूंमधून आणि वॉर्म्थमधून भागतो. बाकी सगळं व्हायटॅलिटीत. व्हायटॅलिटीच्या एका पॉइंटला बार्बेरियनला ४ आयुष्य मिळतं, सॉर्सरेसला २ च. म्हणून तिला ते जास्त जपून जमवावं लागतं.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी खास गंमत. गेम सेकंदाला २५ फ्रेम्सवर चालतो, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. मंत्र टाकायला लागणारा वेळ पूर्ण फ्रेम्समध्येच मोजला जातो, अर्धी फ्रेम नसते. 'फास्टर कास्ट रेट' ६३ टक्के असेल तर सॉर्सरेसला ९ फ्रेम्स लागतात, १०५ झाला की ८. मधल्या १०४ ला सुद्धा ९ च! म्हणजे रेट ६३ वरून १०० वर नेला तरी वेग तसूभरही वाढत नाही. सरळ क्वांटायझेशन आहे. अंगठीवरचा आकडा मोठा दिसतो म्हणून भुलू नका, पुढची पायरी गाठते का ते पाहा.

चौघं खेळत असतील तर

लॅनवर जितके खेळाडू वाढतील तितके राक्षस दणकट होतात. प्रत्येक जादा खेळाडूमागे त्यांचं आयुष्य मूळच्या ५० टक्क्यांनी वाढतं. चौघं असाल तर समोरचा अडीच पट. चारही जणांनी आपापला 'सबकुछ मीच' असा बिल्ड केला तर सगळेच मरतात, हे आम्ही वारंवार पाहिलंय.

इथे बार्बेरियनची बॅटल ऑर्डर्स ही आरोळी कामी येते. ती सगळ्या टीमचं आयुष्य आणि माना वाढवते. पॅलाडिनचा कन्व्हिक्शन ऑरा तर कमालच आहे. २० व्या पातळीला तो शत्रूचा आग, थंडी आणि वीज यांचा प्रतिकार १२५ ने कमी करतो. इम्यून राक्षसावर त्याचा परिणाम एक पंचमांशच होतो, म्हणजे २५. पण आगीचा प्रतिकार ११० असलेल्या राक्षसाचा तो ८५ वर आला, तर शून्य टक्के लागणारी आग १५ टक्के लागायला लागते. असा पॅलाडिन सोबत असेल तर सॉर्सरेसने दुसऱ्या हत्यारावर कमी खर्च केला तरी चालतं. म्हणून चौघांनी आधी एकत्र बसून ठरवा, मग पॉइंट्स टाका.

पुन्हा वाटप

२०१० पर्यंत या गेममध्ये टाकलेला पॉइंट परत मिळत नव्हता. त्या वर्षीच्या १.१३ पॅचपासून पहिल्याच कामगिरीच्या बदल्यात अकारा नावाची बाई सगळे पॉइंट्स परत देते, प्रत्येक पातळीवर एकदा. आमच्या ज्युनियरकडे अशा दोन संधी शिल्लक होत्या. आम्ही कागदावर मांडलं: ऑर्ब २०, बॉल २०, सक्तीचे ६, कामाची चार स्किल्स ४, कोल्ड मास्टरी १ आणि उरलेले १६ फायर बोल्टमध्ये. फायर बॉल जवळजवळ ३.४ पट झाला. चिलखत तेच, काठी तीच, हातही तेच 'स्लो'. चौथ्या दिवशी तिने हेलचा पहिला अंक पार केला. मुलगी हुशारच होती, फक्त पॉइंट्स विखुरलेले होते.

आता कुणी म्हणेल, म्हणजे पी.एल.मध्ये पण दोनच विषय धरायचे का? नाही हो! परीक्षेत प्रत्येक विषयाला पासिंग हेड वेगळं. चार विषयांत ९० आणि एकात ३० पडले तरी केटी लागतेच. तिथे गुण विषयागणिक मोजतात, गेममध्ये एका वेळचा फटका मोजतात. उद्दिष्ट बदललं की वाटप बदलतं. म्हणून नेटवरचा तयार बिल्ड जसाच्या तसा उतरवू नका, आणि टॉपरचं टाइमटेबलही नको. आपल्याकडे किती आहे, कुठे अडतंय आणि पुढच्या एका पॉइंटने काय मिळणार, एवढे तीन प्रश्न कागदावर लिहा.

आणि एखादी ज्युनियर "मला जमतच नाही" म्हणाली, तर तिला लगेच धीर देत बसू नका. आधी तिचं स्किल पान उघडायला सांगा.