कारभाऱ्यांचे कुळ : स्टुअर्ट घराण्याची वंशावळी

वाचनाचा भाग : यशया २२:१५-२५, १ करिंथ. ४:१-२

कुळकर्णी, देशमुख, पाटील ही आपल्याकडे प्रथम कामाची नावे होती. मागाहून ती आडनावे झाली. स्कॉटलंडातील स्टुअर्ट घराण्याचे नाव असेच पडले आहे. मूळ शब्द स्ट्युअर्ड, म्हणजे धन्याच्या घरचा कारभारी. इंग्रजी शास्त्रात पौलाच्या वरील वचनात हाच शब्द घातलेला आहे, हे उपदेशक बंधूंनी ध्यानात ठेवावे.

या कुळाचे पूर्वज फ्रान्सच्या वायव्येस ब्रिटनी प्रांतात, डोल येथे, कारभारीच होते. त्यांच्यापैकी आलन हा इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या पदरी गेला. आलनाचा पुत्र वॉल्टर हा ज्येष्ठ नव्हता, सबब वडिलांच्या जमिनीची त्यास फारशी आशा नव्हती. तो उत्तरेस जाऊन स्कॉटलंडचा राजा पहिला डेव्हिड (११२४-११५३) याच्या सेवेस राहिला व राजगृहाचा कारभारी झाला. कोठार, मुदपाकखाना, चाकरमाणसे, जमाखर्च हे सर्व अशा कारभाऱ्याने पाहावयाचे असे. या घराण्याच्या ढालीवर निळ्या-पांढऱ्या चौकटींचा आडवा पट्टा असतो. तो हिशेब मांडण्याच्या पटाची खूण होय, असे मानतात. सरदारांच्या ढालींवर सिंह व गरुड फार. हिशेबाचा पट क्वचितच!

डेव्हिडानंतरचा राजा चौथा माल्कम याने हे काम वॉल्टरास वंशपरंपरेने करून दिले. तेव्हापासून सेवेचे वतन झाले. रेनफ्रू व पेझली येथील जमिनी त्याजकडे होत्या, आणि पेझली येथील मोठा मठ त्यानेच ११६३ च्या सुमारास स्थापिला. पुढे पितापुत्रक्रमाने हुद्दा चालत गेला. सहावा कारभारी, त्याचेही नाव वॉल्टर, याने १३१५ साली राजा रॉबर्ट ब्रूस याची कन्या मार्जरी हिच्याशी विवाह केला. त्यांचा पुत्र रॉबर्ट १३१६ साली जन्मला. १३७१ साली त्याचा मामा राजा दुसरा डेव्हिड निपुत्रिक वारला (मामा भाच्याहून आठ वर्षांनी लहान होता), आणि सातवा कारभारी स्वतःच राजा झाला.

आता राजकुळास साजेसा मूळ पुरुष हवा. १५२७ साली हेक्टर बोईस याने लॅटिन भाषेत छापलेल्या इतिहासात बँको नावाचा शूर सरदार या घराण्याचा पूर्वज म्हणून दाखविला, आणि शेक्सपिअरच्या मॅकबेथ नाटकाने तो जगप्रसिद्ध केला. विसाव्या शतकाच्या आरंभी होरेस राउंड या पंडिताने जुन्या सनदा तपासून डोलचे कारभारी पुढे आणले. भाटांकडून वंशावळी लिहवून घेण्याची चाल आपल्या देशातही जुनीच आहे. आपल्यातील कित्येक जण, गावात कोणी कुळ विचारिले की, एखादा उंच पूर्वज शोधू लागतात. सत्य मूळ सांगण्यात कमीपणा कसला? बँकोपेक्षा डोलचा कारभारी मला अधिक मानाचा वाटतो. तो निदान खरा होता.

थोर कारभारी ही पदवी स्टुअर्ट राजांबरोबर नाहीशी झाली नाही. १४६९ च्या कायद्याने ती राजाच्या ज्येष्ठ पुत्राच्या पदव्यांत कायमची जोडली गेली, आणि आजही ती गादीच्या वारसाकडे आहे. कोठाराची किल्ली मात्र त्याच्याकडे कोणी मागत नाही. नाव राहिले, काम गेले.

हेच आपल्या मंडळ्यांतही पाहण्यात येते. बाप वडील होता म्हणून मुलगा वडील. फंडाची पेटी एकाच घरात दोन पिढ्या, आणि हिशेब विचारणारा तो भांडखोर ठरतो. यशयाच्या भागातील शेबना असाच राजगृहाचा कारभारी होता. तो उंच जागी स्वतःसाठी कबर खोदवीत होता, तोच किल्ली एल्याकीमाच्या खांद्यावर गेली. पाठ घेताना पंचविसावे वचन गाळू नये; एल्याकीमाच्या खुंटीवर त्याच्या घराण्याने किती भांडी टांगली, आणि तिचे पुढे काय झाले, ते तेथे लिहिले आहे. मग वर्गास विचारावे : आपल्या मंडळीची पेटी कोणाकडे आहे, व तिचा हिशेब शेवटी कधी वाचला गेला?