स्वाध्याय : मचाणावरून उतरल्यावर

गुरुपौर्णिमेच्या अंकासाठी अनुभव मागवले की धार-देवासकडून दरवर्षी एकच उत्तर येतं, ‘आमच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काय घडलंय?’ यंदा देवासच्या एका ताईंनी तर धारचीच म्हण ऐकवली : कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली! म्हणून या वेळचा स्वाध्याय ग्रंथावर नाही, गोष्टींवर आहे. साधा माणूस गोष्टीचा नायक होतो, तो कशामुळे?

भोजराजापासूनच सुरुवात करू. सिंहासनबत्तीशी आपण लहानपणी ऐकलेली असते, पण लक्षात राहतात त्या ३२ पुतळ्या. त्यांच्या आधी येणारा माणूस कुणाला आठवत नाही. काही पाठांत तो गुराखी आहे, काहींत शेत राखणारा ब्राह्मण. या दुसऱ्या पाठात भोजाची माणसं शेताजवळून जात असतात. मचाणावर बसलेला तो हाका मारतो, ‘या, हवं तेवढं खा, शेत आपलंच समजा.’ माणसं आत शिरतात. तेवढ्यात हा काही कामाने खाली उतरतो आणि बोंब मारतो, ‘लुटलं हो मला!’ माणसं निघाली की पुन्हा वर चढतो आणि पुन्हा बोलवायला लागतो. भोज ती जागा खणवतो, तर खाली विक्रमादित्याचं सिंहासन! औदार्य त्या सिंहासनाचं होतं, शेतकऱ्याचं नव्हे.

हे वाचून आम्ही जरा ओशाळलो. गुरुवारी सत्संगात आपणही मचाणावरच असतो. प्रसाद वाटताना ‘घ्या हो, अजून घ्या’, आणि बाहेर आपल्या गाडीला कुणाची गाडी आडवी लागलेली दिसली की आवाज चढतो. (मागच्या महिन्यात चढला तो आमचाच होता.)

तेव्हा हा शेतकरी काही नायक नाही. दुसरा माणूस शोधायला देवासला जाऊ.

१९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हे इंग्रज लेखक देवास थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव तिसरे यांचे खाजगी चिटणीस म्हणून इथे राहिले. इथली गोकुळाष्टमी त्यांनी जवळून पाहिली आणि १९२४ साली आलेल्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या कादंबरीच्या शेवटच्या भागात ती घातली. त्या उत्सवात आपलं लक्ष राजाकडे जात नाही. ते जातं नारायण गोडबोले नावाच्या एका मराठी प्राध्यापकाकडे. अनवाणी उभे राहून ते भजन म्हणतायत, तुकोबांचं नाव चाललंय. रंगात आलेले असताना त्यांना एक म्हातारी आठवते. इंग्रज, परधर्माची, कधीतरी भेटलेली. तिला ते मनानेच देवापुढे नेतात. मग कुठल्याशा दगडावर बसलेली एक गांधीलमाशी आठवते, तिलाही नेतात. मग तो दगडही न्यायला जातात, आणि तिथे जमत नाही.

हेच गोडबोले त्याच कादंबरीत शिक्षणखात्याचे प्रमुख आहेत आणि त्यांच्या शाळेचं धान्याचं कोठार झालंय! एका मित्राचा मोठा गैरसमज एका वाक्याने दूर झाला असता, ते वाक्यही ते बोलत नाहीत. आमच्यातल्या काहींनी विचारलं, असा माणूस नायक कसला? आणि कादंबरीचा नायक तर डॉक्टर अझीझ. ते खरंच आहे. पण त्या एका रात्रीपुरते गोडबोलेच मोठे, असं आम्हाला वाटतं. दगडही आला असता तर तो सिद्धपुरुषाचा चमत्कार झाला असता, आपण हात जोडून पुस्तक मिटलं असतं. दगड अडला, म्हणून ते आपल्यातले राहिले. आणि तरी ते न्यायला गेले होते.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिलं. कर्जाने पिचलेल्या कोकणातल्या घरातली ती बाई. अस्पृश्य मानलेल्या एका म्हातारीला मोळी डोक्यावर चढवता येत नाही, तेव्हा ती श्यामला पाठवते आणि नंतर आंघोळही करायला सांगते. ती आंघोळ आज खटकते, खटकायलाच हवी. तो तिचा न हललेला दगड. पण गाव बघत असताना मोळी उचलली गेली, आणि पाठीशी कुठलं सिंहासन नव्हतं.

आता अनुभवांबद्दल. आमच्याकडे येतात ते बहुतेक मचाणावरचे असतात : संकट आलं, महाराजांचा धावा केला, संकट टळलं. श्रद्धेबद्दल शंका नाही, पण त्यात लिहिणारा माणूस दिसतच नाही. म्हण ऐकवणाऱ्या ताई चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं करतायत, त्यापायी सत्संग सुटलाय. परवा फोनवर हळूच म्हणाल्या, ‘एकदा रात्री मी त्यांच्यावर फार ओरडले. हात उगारला होता. ते लिहिलं तर चालेल?’

चालेल, ताई. नाव छापणार नाही. बाकीच्यांनीही पुढच्या गुरुवारच्या आरतीपर्यंत पाठवा. लिहायला जमत नसेल तर आवाजी निरोप टाका, आम्ही उतरवून घेऊ.