माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालेल?

प्रश्न : फेब्रुवारीत लग्न आहे. मधुचंद्राला मालदीवला जायचंय. दोघांचाही पहिलाच परदेशप्रवास. लग्नानंतर माझा माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालणार नाही, असं सगळे सांगतात. खरं का?
– एक वाचक, पळस्पे

उत्तर : नाही, निश्चिंत राहा. लग्नामुळे पासपोर्ट रद्द होत नाही. तिकिटावर मात्र पासपोर्टवरचंच नाव हवं. मालदीवला उतरल्यावर पर्यटकांना व्हिसा मोफत मिळतो. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग जवळ ठेवा. ‘इमुगा’ हा ऑनलाइन फॉर्म प्रवासाआधीच्या ९६ तासांत भरा. फेब्रुवारीत तिथे कोरडी हवा असते. रिसॉर्ट महाग वाटलं तर माफुशीसारखं स्थानिक बेट निवडा. तिथे पोहण्याचे कपडे ठरावीक किनाऱ्यावरच चालतात. दूरच्या रिसॉर्टला नेणारं सीप्लेन अंधारात उडत नाही, म्हणून दुपारपर्यंत पोहोचणारं विमान घ्या. आणि लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी निघू नका, आधी झोप पूर्ण करा.