कुत्र्याचे बिस्कीट आणि त्यामागचे विज्ञान

आपल्याकडे दारच्या कुत्र्याला चतकोर भाकरी टाकण्याची रीत फार जुनी आहे. आता भाकरीची जागा पुष्कळ ठिकाणी बिस्किटांनी घेतली आहे. चहाच्या टपरीवर उभा असलेला माणूस खिशातून बिस्किटांचा पुडा काढतो आणि शेपटी हलवणाऱ्या कुत्र्यापुढे दोन बिस्किटे टाकतो. कुत्रा ती क्षणात फस्त करतो. त्याला ती आवडतात यात शंका नाही. पण जे आवडते ते मानवतेच असे नाही. मग कुत्र्याला मानवेल असे बिस्कीट घरच्या घरी करता येईल का? येईल. त्याला चारच जिनसा लागतात. मात्र त्यात काय घालायचे आणि काय घालायचे नाही हे समजण्यासाठी थोडे शरीरशास्त्र, थोडे रसायनशास्त्र आणि थोडे गणित लागते.

कुत्र्यासाठी म्हणून मुद्दाम बिस्कीट करून विकण्याची कल्पना १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट या अमेरिकन गृहस्थाने अमलात आणली. गव्हाचे पीठ, भाज्या आणि सुकवलेले मांस यांपासून तो हे बिस्कीट बनवी. त्याच्याच कंपनीत चार्ल्स क्रफ्ट हा तरुण नोकरीला होता. पुढे १८९१ साली त्याने लंडनमध्ये आपल्या नावाचे श्वानप्रदर्शन भरवले. ‘क्रफ्ट्स’ हे प्रदर्शन आजही जगप्रसिद्ध आहे.

लांडग्याचा वंशज, पण भाकरी पचवणारा

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. त्याच्या तोंडात ४२ दात असतात आणि त्यांतील सुळे व दाढा मांस फाडण्यासाठी व कापण्यासाठी योग्य असतात. अशा प्राण्याला गव्हाचे किंवा ज्वारीचे पीठ कसे पचते?

पिठात मुख्यतः पिष्ट म्हणजे स्टार्च असतो. ग्लुकोजचे शेकडो-हजारो रेणू साखळीसारखे जोडले गेले की स्टार्च तयार होतो. ही साखळी तोडण्याचे काम अमायलेज नावाचे विकर करते. आपल्या लाळेत ते भरपूर असते, म्हणून भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोड लागू लागतो. कुत्र्याच्या लाळेत ते जवळजवळ नसते. कुत्रा घास चावत न बसता गिळतो, आणि स्टार्चचे पचन त्याच्या लहान आतड्यात स्वादुपिंडातून येणाऱ्या अमायलेजमुळे होते.

२०१३ साली स्वीडनमधील संशोधकांनी कुत्र्याच्या आणि लांडग्याच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. स्वादुपिंडातील अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यांत मात्र त्या चारपासून तीसपर्यंत निघाल्या. प्रती जितक्या जास्त तितके विकर जास्त. माणूस शेती करू लागला, त्याच्या उष्ट्या-खरकट्यावर कुत्रा जगू लागला आणि ज्यांना धान्य पचले ती कुत्री टिकली, असा याचा अर्थ लावला जातो. याला एक पुरवणीही आहे. सायबेरियन हस्की किंवा ऑस्ट्रेलियातील डिंगो यांचा शेतीशी फारसा संबंध आला नाही. त्यांच्यात या प्रती कमीच आढळतात.

म्हणजे धान्याचे बिस्कीट कुत्र्याला चालेल, पण ते शिजलेले हवे. कच्च्या पिठातील स्टार्चचे कण घट्ट असतात आणि विकराला त्यांच्यात सहज शिरकाव मिळत नाही. पाणी आणि उष्णता मिळाली की साधारण ६० ते ७५ अंश सेल्सियसला हे कण फुगतात व फुटतात. मग विकराचे काम सोपे होते. कुत्र्याला कच्ची कणीक कधीही देऊ नये, आणि यीस्ट घातलेली कणीक तर मुळीच नाही. ती पोटातील उबेत फुगत राहते आणि आंबताना तिच्यातून अल्कोहोल तयार होते.

चार जिनसांचे बिस्कीट

साहित्य : गव्हाची कणीक २०० ग्रॅम, उकडून कुस्करलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, एक अंडे (कवच काढून सुमारे ५० ग्रॅम) आणि गोडेतेल एक चमचा (५ ग्रॅम). मीठ, साखर, गूळ, सोडा यांपैकी काहीही घालायचे नाही.

कृती : सर्व जिनसा एकत्र मळून गोळा करा. भोपळ्यात आणि अंड्यात पुरेसे पाणी असते, त्यामुळे वेगळे पाणी बहुधा लागत नाही. दहा मिनिटे झाकून ठेवा. अर्धा सेंटिमीटर जाडीची पोळी लाटून तिचे ४० तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला काट्याने टोचे मारा, म्हणजे वाफ बाहेर पडेल आणि तुकडा फुगणार नाही. ओव्हन असल्यास १६० अंशांवर सुमारे ३० मिनिटे भाजा. नंतर आच १०० अंशांवर आणून आणखी पाऊण तास ठेवा. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत वाळूचा किंवा जाड्या मिठाचा थर द्या, त्यावर तिवई व ताटली ठेवून वर झाकण घाला आणि मंद आचेवर भाजा. नानकटाई अशीच करतात. भाजण्याचे काम घरातील मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली करावे.

गव्हाऐवजी ज्वारीचे पीठ घेतले तर तुकडे सहज मोडतात. गव्हातील प्रथिनांपासून ग्लूटेन हे चिवट जाळे बनते आणि ते पीठ धरून ठेवते. ज्वारीत ते नाही. तेथे अंड्यावर भिस्त ठेवावी लागते, कारण अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात व कणांना एकमेकांशी बांधतात.

दोनदा का भाजायचे?

बिस्कीट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच ‘दोनदा भाजलेले’ असा आहे. पहिल्या भाजण्यात स्टार्च शिजतो. दुसऱ्यात पाणी निघून जाते. किती पाणी जाते याचा हिशेब करू.

मळलेल्या गोळ्याचे वजन २०० + १०० + ५० + ५ = ३५५ ग्रॅम. कणकेत सुमारे १२ टक्के, भोपळ्यात ९२ टक्के आणि अंड्यात ७५ टक्के पाणी असते. म्हणजे एकूण पाणी सुमारे २४ + ९२ + ३८ = १५४ ग्रॅम, आणि कोरडा भाग सुमारे २०१ ग्रॅम. बिस्किटात ८ टक्केच पाणी राहावे असे ठरवले, तर तयार बिस्किटांचे वजन २०१ ÷ ०.९२ = सुमारे २१८ ग्रॅम भरेल. म्हणजे १३७ ग्रॅम पाण्याची वाफ झाली पाहिजे. घरच्या वजनकाट्यावर हे पडताळता येते. वजन २४० ग्रॅम भरले, तर अजून पाणी शिल्लक आहे असे समजून बिस्किटे पुन्हा मंद आचेवर ठेवावीत.

आतल्या भागात पाणी असेपर्यंत तेथील तापमान १०० अंशांच्या फारसे वर जात नाही. मिळणारी उष्णता वाफ करण्यात खर्च होते. पृष्ठभाग मात्र लवकर कोरडा होऊन अधिक तापतो आणि तेथे प्रथिनांतील अमिनो आम्ले व शर्करा यांची अभिक्रिया सुरू होते. खरपूस वास आणि तांबूस रंग तिच्यामुळे येतो. लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले, म्हणून तिला मायार अभिक्रिया म्हणतात. कुत्र्याच्या जिभेवर आपल्यापेक्षा फारच कमी रुचिकलिका असतात, पण त्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते. त्याला बिस्कीट आवडते ते बहुतांशी या वासामुळे. साखरेची गरज त्यासाठी नाही.

किती द्यावे?

आपल्या बिस्किटांत किती ऊर्जा आहे? कणीक सुमारे ६८० किलोकॅलरी, भोपळा २५, अंडे ७० आणि तेल ४५, असे एकूण ८२०. त्याचे ४० तुकडे केले, म्हणजे एका बिस्किटात सुमारे २० किलोकॅलरी.

आता कुत्र्याची गरज. विश्रांतीच्या स्थितीत लागणारी ऊर्जा काढण्यासाठी पशुवैद्य एक सूत्र वापरतात. कुत्र्याचे किलोग्रॅममधील वजन घ्या, त्याचा घन करा, त्याचे वर्गमूळ काढा, पुन्हा वर्गमूळ काढा आणि ७० ने गुणा. १६ किलोच्या कुत्र्यासाठी १६ चा घन ४०९६, त्याचे वर्गमूळ ६४, त्याचे वर्गमूळ ८. म्हणून ८ × ७० = ५६० किलोकॅलरी. साधारण हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या प्रौढ कुत्र्याला याच्या सुमारे १.६ पट, म्हणजे दिवसाला ९०० च्या आसपास लागतात. खाऊचा वाटा त्याच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावा असा संकेत आहे. म्हणजे ९० किलोकॅलरी, अर्थात आपली चार बिस्किटे. हेच गणित ५ किलोच्या कुत्र्यासाठी केले तर दिवसाची गरज सुमारे ३७५ येते आणि वाट्याला दोनदेखील बिस्किटे पुरती येत नाहीत.

आता टपरीवरच्या पुड्याकडे वळू. बाजारातील गोड बिस्किटांत दर १०० ग्रॅमला सुमारे ४५० किलोकॅलरी असतात. १६ किलोच्या कुत्र्याने असा १०० ग्रॅमचा एक पुडा खाल्ला, तर त्याची दिवसाची निम्मी ऊर्जागरज भागते, पण प्रथिने व कॅल्शियम मात्र फारच थोडे मिळते. आपले घरचे बिस्कीटसुद्धा खाऊच आहे, जेवण नव्हे, हे विसरू नये.

जे घालायचे नाही ते

‘आम्ही खातो तेच त्याला दिले’ हे वाक्य पशुवैद्यांना वारंवार ऐकावे लागते. पण एकाचे अन्न ते दुसऱ्याचे विष ठरू शकते.

चॉकलेट व कोको : यांत थिओब्रोमीन असते. कुत्र्याचे शरीर त्याचा निचरा फार सावकाश करते. रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला सुमारे साडेसतरा तास लागतात. तोवर हृदयाची गती वाढते, झटके येतात.

कांदा व लसूण : यांतील गंधकयुक्त संयुगांमुळे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शरीराच्या वजनाच्या अर्धा टक्का कांदा एका वेळी पोटात गेला तरी विषबाधा संभवते. दहा किलोच्या कुत्र्यासाठी हे प्रमाण ५० ग्रॅम, म्हणजे एक लहान कांदा. शिजवल्याने धोका टळत नाही.

झायलिटॉल : काही साखरविरहित पदार्थांत हा गोडवा वापरतात. माणसाला त्याचा त्रास होत नाही. कुत्र्यात मात्र इन्शुलिन एकदम स्रवते आणि रक्तातील ग्लुकोज अर्ध्या-एक तासात धोक्याच्या पातळीपर्यंत खाली येऊ शकते.

द्राक्षे व बेदाणे : यांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कारण बरीच वर्षे कळले नव्हते. २०२१ साली अमेरिकेतील काही पशुवैद्यकांनी एक महत्त्वाचा दुवा पुढे आणला. मुलांना खेळण्यासाठी घरी केलेला पिठाचा गोळा एका कुत्र्याने खाल्ला आणि त्याला नेमकी द्राक्षांच्या विषबाधेसारखीच लक्षणे झाली. त्या गोळ्यात ‘क्रीम ऑफ टार्टर’ होते, म्हणजे टार्टारिक आम्लाचा क्षार. द्राक्षांतही तेच आम्ल असते. चिंचेतही ते भरपूर असते. म्हणून नाशिकची द्राक्षे, तासगावचे बेदाणे आणि चिंचेची आमटी ही तिन्ही कुत्र्यापासून दूर ठेवावीत. काही बेकिंग पावडरमध्ये क्रीम ऑफ टार्टर असते, म्हणून आपल्या कृतीत ती वर्ज्य आहे.

यांपैकी काही कुत्र्याच्या पोटात गेल्याचे कळले, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे. काय व किती खाल्ले हे सांगता आले तर उपचार लवकर सुरू होतात.

पावसाळा आणि बुरशी

पावसाळ्यात उघडी राहिलेली बिस्किटे सादळतात. हवेतील आर्द्रता शोषून त्यांतील पाणी वाढते आणि बुरशीला आयते घर मिळते. बुरशी लागलेला पदार्थ ‘कुत्र्याला चालेल’ म्हणून बाजूला ठेवणे ही फार घातक सवय आहे.

१९७४ च्या अखेरीस गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या भागांतील आदिवासी खेड्यांत काविळीची गंभीर साथ आली. शंभराहून अधिक माणसे दगावली. अवकाळी पावसात भिजलेल्या मक्यावर वाढलेल्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष त्याला कारण ठरले. त्याच घरांतील अन्नावर वाढलेली कुत्रीही तशाच आजाराने मेली होती. हे विष यकृतावर आघात करते, आणि स्वयंपाकाच्या किंवा भट्टीच्या उष्णतेने ते पुरते नष्ट होत नाही. म्हणून किडका, काळपट धान्याचा दळा कुत्र्याच्या बिस्किटांसाठी वापरू नये. बिस्किटे पूर्ण थंड झाल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत आणि आठवड्याभरात संपवावीत. पावसाळ्यात त्याहूनही लवकर.

करून पाहा

१. एक बिस्कीट उघड्या बशीत व एक बंद डब्यात ठेवा. पाच दिवस रोज दोन्हींचे वजन करून आलेख काढा. संवेदनक्षम काटा नसेल तर दहा-दहा बिस्किटे घ्या.

२. पातळ पेजेच्या दोन परीक्षानळ्या घ्या. एकीत स्वतःची थोडी लाळ मिसळा. पंधरा मिनिटांनी दोन्हींत आयोडीनचा एकेक थेंब टाका. निळा रंग कोठे येतो? लाळेऐवजी कुत्र्याची लाळ असती तर काय दिसले असते?

३. ८१ किलोच्या प्राण्यासाठी वरील सूत्र वापरा. १६ किलोच्या प्राण्यापेक्षा वजन सुमारे पाचपट असूनही ऊर्जेची गरज पाचपट का येत नाही? शरीराचे घनफळ आणि पृष्ठभाग यांचा विचार करून उत्तर शोधा.