वाहने ओढून नेण्याचा व्यवसाय : ग्राहक मिळविण्याची जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रातील घाटांतून प्रवास करताना एक दृश्य हमखास नजरेस पडते. कठड्यावर किंवा दरडीच्या दगडावर ‘क्रेन सर्व्हिस, २४ तास’ अशी ठळक अक्षरे रंगविलेली असतात व खाली दूरध्वनी क्रमांक असतो. कित्येकदा एकाच्या क्रमांकावर दुसऱ्याने आपला क्रमांक रंगविलेला दिसतो. बंद पडलेली किंवा अपघातग्रस्त वाहने ओढून नेणाऱ्या व्यावसायिकांपैकी अनेकांची जाहिरात येथेच सुरू होते आणि येथेच संपते.

महामार्गालगतच्या गावांतील तरुणांना हा व्यवसाय आकर्षक वाटतो, यात नवल नाही. वाहनांची संख्या वाढली आहे आणि घाटात गाडी बंद पडली की टोचन करण्यावाचून गत्यंतर नसते. तथापि कर्जासाठी तयार होणाऱ्या प्रकल्प अहवालात गाडीची किंमत, इंधन, चालकाचा पगार हे सारे तपशीलवार मांडले जाते. ‘बाजारपेठ’ या रकान्यात मात्र ‘या भागात मोठी मागणी आहे’ एवढ्या एका वाक्यावर काम भागविले जाते. ही मागणी आपल्याच दारी का यावी, याचे उत्तर अहवालात नसते. पुढे कर्जाचा हप्ता दरमहा ठरल्या तारखेला येतो. अपघात मात्र तारीख पाहून होत नाहीत.

या धंद्याचा उगमच मुळी ग्राहक आपल्यापर्यंत कसा पोहोचावा या प्रश्नाशी निगडित आहे. अमेरिकेतील टेनेसी राज्यात चॅटानूगा नावाचे शहर आहे. तेथे अर्नेस्ट होम्स यांचे मोटार दुरुस्तीचे गॅरेज होते. १९१६ साली एक मोटार ओढ्यात उलटली. दोर, ठोकळे व पाच-सहा माणसे यांच्या साहाय्याने ती बाहेर काढण्यास होम्स यांना सुमारे आठ तास लागले. त्या अनुभवावरून त्यांनी १९१३ च्या एका कॅडिलॅक गाडीवर खांब, कप्पी व साखळी बसवून वाहने उचलणारी गाडी तयार केली, तिचे पेटंट घेतले आणि पुढे अशी यंत्रे बनवून विकण्याचा कारखानाच काढला. गॅरेजवाल्याला हे यंत्र का हवे होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जी मोटार त्याच्या दारापर्यंत चालत येऊ शकत नाही, तिची दुरुस्तीही त्याला मिळत नाही. त्याच शहरात या व्यवसायाचे एक संग्रहालयही आहे.

आपल्याकडील व्यावसायिकाची अडचण थोडी निराळी आहे. किराणा दुकानदाराचा ग्राहक आठवड्याला येतो. टोइंगवाल्याचा ग्राहक वर्षानुवर्षे त्याचे नावही घेत नाही आणि गरज पडते ती रात्री दोन वाजता, पावसात, मुलेबाळे गाडीत असताना. त्या घटकेला तो चौकशी करीत बसत नाही. जो क्रमांक आधीच त्याच्या खिशात असेल, किंवा जवळचा पंपवाला जो क्रमांक सांगेल, तोच तो फिरवितो. म्हणून या व्यवसायाचे विपणन प्रसंग येण्यापूर्वी व्हावे लागते, आणि तेही बऱ्याच अंशी ग्राहकापेक्षा ग्राहकाला वाट दाखविणाऱ्यांपाशी. गॅरेजवाले, पेट्रोल पंपावरील रात्रपाळीचे कामगार, ढाबेवाले, टायर पंक्चर काढणारे, मालवाहतूकदारांच्या संघटना, विमा कंपन्यांचे सर्वेक्षक ही ती माणसे होत. त्यांना प्रत्यक्ष भेटणे हे मालकाचे काम आहे. चालकावर किंवा नशिबावर ते सोपवून चालत नाही.

एकाच मोठ्या ग्राहकाच्या भरवशावर राहण्याचा मोहही येथे मोठा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ नुसार सार्वजनिक ठिकाणी दहा तास वा अधिक काळ बेवारस सोडलेले किंवा मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन हलविण्याचा अधिकार पोलिसांना आहे. वाहतुकीस धोका असेल तर ते तत्काळ हलविता येते व ओढून नेण्याचा खर्च वाहनमालकाला सोसावा लागतो. या कामाचा ठेका मिळाला की पुष्कळांना व्यवसाय पक्का झाला असे वाटते. ठेक्याची मुदत संपते तेव्हा मात्र त्यांच्याजवळ स्वतःचा एकही ग्राहक उरलेला नसतो. वाहन साहाय्य देणाऱ्या कंपन्यांच्या यादीत नाव असणे चांगलेच. पण तेथे दर त्या कंपनीचा आणि देयकाची वाट पाहणे आपले.

दराचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. अडलेल्या माणसाकडून हवी ती रक्कम उकळता येते, हे या धंद्यातील उघड गुपित होय, आणि धंद्याची अपकीर्ती मुख्यतः त्यातूनच झाली आहे. साखळी लावण्यापूर्वी किलोमीटरमागे किती, रात्रीचे किती, खड्ड्यातून काढण्याचे निराळे किती हे सांगावे आणि छापील पावती द्यावी. विम्याच्या दाव्यासाठी ग्राहकाला ती लागतेच. पंपवाल्याने एकदा ज्याचे नाव सांगितले त्याने ग्राहकाला लुबाडले, तर तो पंपवाला पुन्हा ते नाव उच्चारणार नाही.

‘क्रेन सर्व्हिस’ या दोन शब्दांवरून ग्राहकाला काहीच कळत नाही, हीही एक उणीव आहे. पुढील चाकांवर चालणाऱ्या मोटारीची पुढची चाके उचलून ती ओढता येते. परंतु चारही चाकांना शक्ती मिळणारी मोटार व विजेवर चालणारी मोटार सामान्यतः सपाट तळाच्या गाडीवर चढवूनच न्यावी लागते, एरवी तिच्या यंत्रणेस इजा पोहोचू शकते. आपल्याजवळ कोणती गाडी आहे, ती किती वजन उचलते व कोणत्या किलोमीटरपासून कोणत्या किलोमीटरपर्यंत आपण जातो, हे फलकावर लिहिलेले असावे. परप्रांतीय चालकांचा विचार करून ते हिंदीत आणि दक्षिणेकडे जाणाऱ्या मार्गावर कन्नडमध्येही असावे. भ्रमणध्वनीवरील नकाशात आपली जागा अचूक नोंदविणे हे काम तर फुकट होते, तरी अनेकांनी ते केलेले नाही.

फोन आला तरी तो उचलला गेला पाहिजे. ‘२४ तास’ असे लिहून रात्री अकरानंतर फोन बंद ठेवणारे थोडे नाहीत. रात्री कोण जागे राहणार, हे घरात वा भागीदारांत वाटून घ्यावे लागते.

प्रत्येक कामाची नोंद ठेवणारी साधी वही पुष्कळ शिकविते. तीत एक रकाना ‘आमचे नाव कोणाकडून कळले?’ असा असावा व दुसरा ‘रिकामे किती किलोमीटर धावलो?’ असा. तीस किलोमीटर रिकामे जाऊन दहा किलोमीटर वाहन ओढले आणि पुन्हा रिकामे परतले, तर डिझेल जळते सगळ्या अंतराचे, भाडे मात्र मिळते थोड्याचे. सहा महिन्यांची वही पाहिली की कोणत्या टप्प्यात पंपवाल्यांची ओळख वाढवायची आणि कोणत्या लांबच्या कामाला नकार द्यायचा, हे उमगते.

दगडांवरील रंगकामाविषयी ग्रामपंचायत सदस्यांनी तरुणांना वेळीच सांगावयास हवे. सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्यास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा आहे, आणि कठडे व किलोमीटरचे दगड ही वाहनचालकाच्या सुरक्षिततेची साधने आहेत. किलोमीटरच्या दगडावरील आकडा रंगाखाली झाकला गेला, तर अडलेल्या माणसाला आपण कोठे आहोत हेच फोनवर सांगता येत नाही आणि क्रेनवाला त्याला अंधारात शोधत राहतो. परवानगी घेऊन पंपाच्या किंवा ढाब्याच्या आवारात लावलेला फलक, आणि त्यावर ‘आपण अमुक किलोमीटरवर आहात’ अशी एक ओळ, ही दोघांच्याही सोयीची ठरते.