धुरांत शिजणारें मांस

पावसाळ्यांत चुलीत ओलें लांकूड घातलें म्हणजे धुरानें डोळे चुरचुरतात व अन्नासहि कडवटपणा येतो. मग मुद्दाम धुरांत शिजविलेलें मांस लोक आवडीनें कसें खातात, हें आम्ही येथें सांगूं इच्छितों.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेक्सासमध्यें बैलाच्या छातीचें मांस, ज्यास तेथें 'ब्रिस्केट' म्हणतात, ओकच्या लांकडाच्या धुरांत बारा तास किंवा त्याहूनहि अधिक वेळ ठेवितात. भट्टीची उष्णता अवघी ११० ते १२० अंश सेंटिग्रेड. छाती हा जनावराचा भार वाहणारा भाग असल्यानें तेथील मांस फार चिवट असतें. त्यांतील कोलाजेन हें द्रव्य मंद आंचेवर सावकाश विरघळून त्याचें जिलेटिन होतें, तेव्हां कोठें तें मऊ पडतें.

आतां धुराविषयीं. लांकडास कठिणपणा देणारें लिग्निन तापून फुटलें म्हणजे ग्वायकॉल व सिरिंगॉल हे पदार्थ निघतात. पहिल्यापासून मुख्यतः चव येते, दुसऱ्यापासून सुगंध. विस्तवास वारा भरपूर मिळाला तर धूर विरळ व निळसर निघतो, आणि तोच हवा. कोंडलेला दाट पांढरा धूर आपल्या ओल्या चुलीचाच भाऊ! मांसाच्या कडेस गुलाबी पट्टा उमटतो, त्याचेंहि फार कौतुक होतें. परंतु तो धुरांतील वायूचा मांसाच्या रंगद्रव्याशीं संयोग होऊन आलेला नुसता रंग आहे, त्यास चव नाहीं.

खरी परीक्षा पुढेंच. मांसाची उष्णता ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान येऊन कित्येक तास जागची हालत नाहीं. नवखा आचारी घाबरून लांकडें कोंबतो आणि सारी मेहनत कडू करून घेतो. कोलाजेन विरघळण्यांत उष्णता खर्च होते, असें पूर्वीं पुष्कळांस वाटे. सन २०१० च्या सुमारास ग्रेग ब्लाँडर या भौतिकशास्त्रज्ञानें भट्टींत एक ओला स्पंज व एक चरबीचा तुकडा ठेवून पाहिलें. चरबी तापतच गेली; स्पंज मात्र मांसाप्रमाणेंच अडून राहिला. म्हणजे हें काम पाण्याचें! ज्या बाष्पीभवनानें आपल्या माठांतील पाणी गार होतें, तेंच भट्टींतल्या मांसासहि थंड करीत असतें. पृष्ठभाग सुकला कीं उष्णता पुन्हां चढूं लागते व ९५ अंशांच्या आसपास मांस तयार होतें. ज्यांस तितका धीर नाहीं, ते मांस कागदांत गुंडाळून वाफ अडवितात. वेळ वाचतो खरा, पण वरची खमंग काळी साल थोडी मऊ पडते.